जुन्या गाडीत नवी सीट: आधी खालचा पत्रा, मग वरची गादी

प्रश्न : माझी गाडी तीस वर्षांची आहे. वडिलांची होती, आता मी चालवते. ड्रायव्हरची सीट इतकी बसली आहे की तासाभरात कंबर धरते. उशी घेऊन पाहिली, पण ती ब्रेक मारला की पुढे सरकते. एका मित्राने शर्यतीच्या गाडीतून काढलेली बकेट सीट दिली आहे. सोबत चार पट्ट्यांचा हार्नेस आणि 'कुठल्याही गाडीला चालतात' म्हणून मिळणारे स्लायडर, म्हणजे सीट पुढेमागे सरकवायच्या रेल. सीटची भोकं गाडीच्या भोकांशी जुळत नाहीत. वेल्डिंग करणारे म्हणतात, खाली दोन अँगल मारले की काम झालं. आणखी एक अडचण म्हणजे बेल्टचं बकल जुन्या सीटलाच बोल्टने लावलेलं आहे, सीट काढली की तेही जाईल. मग बेल्ट काढून हार्नेसच वापरावा का? माझी उंची १५५ सेंटिमीटर आहे.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही 'आणखी एक अडचण' म्हणून लिहिली आहे. मी तिथूनच सुरुवात करतो.

ज्या गाडीत बकल सीटला लावलेलं असतं, त्या गाडीत सीट हा बेल्टचाच एक भाग असतो. टक्कर झाली की बेल्ट तुम्हाला धरतो, बकल बेल्टला धरतं, सीटचा सांगाडा बकलला धरतो, स्लायडर सांगाड्याला, चार बोल्ट स्लायडरला आणि शेवटी खालचा पत्रा त्या चार बोल्टना. यातली एक कडी सुटली की बाकीच्यांचा काही उपयोग नाही. किती ओढ बसते त्याचा हिशेब सोपा आहे. जोराच्या टकरीत शरीर क्षणभर स्वतःच्या वजनाच्या वीसपट जोराने पुढे जातं असं धरा. माणूस ६० किलोचा असेल तर १२०० किलोची ओढ झाली. त्यात सीटचं स्वतःचं वजन, समजा १५ किलो, त्याचे वीसपट म्हणजे आणखी ३०० किलो. हा वीसचा आकडा मी मनाने घेतलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सीटविषयीच्या १७ क्रमांकाच्या नियमात आणि अमेरिकेच्या २०७ क्रमांकाच्या मानकातही सीट याच वीसपटीने तपासली जाते. बेल्टच्या टोकांसाठीचा १४ क्रमांकाचा नियम तर साध्या मोटारगाडीत खांद्याच्या पट्ट्यावर १३,५०० न्यूटन आणि त्याच वेळी कमरेच्या पट्ट्यावरही तेवढाच जोर लावून बघायला सांगतो. म्हणजे प्रत्येकी जवळजवळ पावणेचौदाशे किलो.

आता ते दोन अँगल या हिशेबासमोर ठेवून बघा. गाडीचा फ्लोअर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो, कुठे त्याहूनही पातळ. कंपनीने सीटचे बोल्ट त्या उघड्या पत्र्यावर दिलेले नसतात. त्या जागी खालून आडवी पेटी असते, दुहेरी पत्रा असतो, नट आतून जोडलेला असतो. अँगल जर मोकळ्या पत्र्यावर मारले, तर वेल्डिंग कितीही देखणं असो, ओढ बसल्यावर अँगल तुटत नाही. वेल्डिंगच्या कडेने पत्राच फाटून अँगलसकट वर येतो, कारण तिथेच तो तापून कमजोर झालेला असतो. आणि तीस वर्षांच्या गाडीत कार्पेटखाली गंज नसेल असं मी बघितल्याशिवाय म्हणणार नाही. वेल्डिंग करणाऱ्यांचा हात वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. त्यांना वरून सपाट जागा दिसते, खालून काय आहे ते दिसत नाही, एवढंच.

हार्नेसचं उत्तर स्पष्ट 'नको' असं आहे, आणि कारणं सांगतो म्हणजे मित्राला वाईट वाटणार नाही. चार पट्ट्यांच्या हार्नेसला मांड्यांमधून येणारा पट्टा नसतो. खांद्याचे पट्टे घट्ट केले की ते कमरेचा पट्टा वर खेचतात. तो कमरेच्या हाडावरून सरकून पोटावर येतो, आणि टकरीत शरीर त्याच्या खालून पुढे घसरतं. मग सगळा जोर आतड्यांवर आणि यकृतावर. दुसरं, खांद्याचे पट्टे मागे नेऊन बांधायला खांद्याच्या जरा खाली अशी भक्कम जागा लागते. शर्यतीच्या गाडीत आतून पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवलेला असतो, त्याची आडवी नळी यासाठी असते. तुमच्या गाडीत ते मागच्या फ्लोअरला उभे खाली बांधावे लागतील, आणि टकरीत तेच पट्टे खांदे खाली दाबून मणका चेपतील. तिसरं, गाडी उलटली आणि छप्पर खाली आलं, तर साधा तीन टोकांचा बेल्ट शरीराला थोडं बाजूला कलू देतो. हार्नेस ताठ उभं धरून ठेवतो. पिंजरा नसलेल्या गाडीत मी कुणालाही हार्नेस बांधून दिलेला नाही आणि देणारही नाही. तीन टोकांचा बेल्ट १९५९ साली व्होल्व्होच्या निल्स बोहलिन यांनी बसवला, तेव्हापासून रोजच्या गाडीसाठी त्याच्याहून बरं काही आलेलं नाही.

आता ती बकेट सीट. तिच्या पाठीमागे किंवा कडेला लेबल शोधा. त्यावर एफआयए (मोटार शर्यतींचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना) ८८५५-१९९९ असं काही आणि बनवल्याचं वर्ष असेल. त्या मानकाच्या सीटला शर्यतीत पाच वर्षांनंतर साधारणपणे परवानगी नसते. रोजच्या वापराला तो नियम लागू नाही, हे खरं. पण ती सीट टक्कर झालेल्या गाडीतून निघाली का, हे तुमच्या मित्राला तरी माहीत आहे का? फायबरच्या कवचाला आतून पडलेली चीर कापडाखाली दिसत नाही. मागचा इतिहास माहीत नसलेली बकेट सीट मी घेत नाही. शिवाय तुमची तक्रार कंबरेची आहे. बकेटची पाठ मागेपुढे होत नाही, कडा उंच असतात, त्यांच्यावरून रोज चारदा चढउतार करताना तीच कंबर दुखेल. आणि १५५ सेंटिमीटर उंचीला ती सीट खोल पडेल. तुम्हाला स्टिअरिंगच्या वरून बघायला मान ताणावी लागेल.

म्हणून माझा सल्ला असा की आधी जुनी सीट उघडा. नवी आणण्याची गरजच पडणार नाही, असं मला तुमच्या वर्णनावरून वाटतं.

मी गादीकामापासून सुरुवात केली. चुलत्यांच्या हाताखाली चार वर्षं सीटचे कव्हर शिवले, मग मेकॅनिककडे गेलो. त्यामुळे सीट बघितली की माझा हात आधी गादीच्या मागच्या भागाखाली जातो. बसलेल्या सीटमध्ये सांगाडा बहुतेक वेळा ठीक असतो. मेलेलं असतं ते फोम आणि त्याखालचा आधार, म्हणजे नागमोडी स्प्रिंग, तारेची जाळी किंवा रबराचे पट्टे. ते मागच्या बाजूला जास्त सैल होतात, कारण वजन तिथे जास्त पडतं. मग गादीचा मागचा भाग खाली जातो, कुल्ले खड्ड्यात जातात, माकडहाड मागे कलंडतं आणि कंबरेची नैसर्गिक वळणाची जागा सपाट होते. तुमची कंबर तासाभराने धरते ती यामुळे. वरून उशी घातली तर ती त्याच खड्ड्यात बसते, आणि वर बेल्टही सैल पडतो. ती उशी आजच काढून टाका.

कव्हर काढून स्प्रिंगचे हुक बघा. एखादी निसटलेली असेल, एखादी तुटलेली असेल. सांगाड्याच्या वेल्डिंगच्या जागा, विशेषतः पाठ कलवण्याच्या गिअरच्या आजूबाजूच्या, रॉकेलने पुसून उजेडात निरखा. चीर असेल तर तिथे गंजाची बारीक रेघ दिसते. चीर नसेल, स्लायडर दोन्ही बाजूंनी नीट अडकत असेल, तर नवी स्प्रिंग, नवा फोम आणि कव्हर एवढ्यावर काम होईल. फोम सोफ्याचा घेऊ नका. तो हाताला मऊ लागतो आणि सहा महिन्यांत बसतो. गादीला घट्ट, जड फोम हवा, वर दोनेक सेंटिमीटरचा मऊ थर पुरे. मांडीखालचा भाग मागच्या भागापेक्षा किंचित उंच राहील असा कापून घ्या. आणि कापलेल्या फोमवर कव्हर न चढवता आधी अर्धा तास बसून बघा, पाय क्लचवर ठेवून. नंतर सांगितलं तर गादीकाम करणाऱ्याला सगळं उसवावं लागतं.

सांगाडाच गेला असेल तर पहिली पसंती त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीतली सीट. दुसरी, पाठ मागेपुढे होणारी चांगल्या बनावटीची सीट, पण तिच्यासोबत तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला पाया हवा, जो मूळ चार भोकांवर बसतो आणि ज्याला बकल लावायची ठरलेली जागा आहे. 'कुठल्याही गाडीला चालतो' असा पाया मी परत पाठवतो. जुन्या गाड्यांत चार भोकं एका पातळीत नसतात. आतली मागची जागा बऱ्याचदा बोगद्याच्या, म्हणजे दोन सीटच्या मधून जाणाऱ्या फ्लोअरच्या उंचवट्याच्या उतारावर असते, पुढच्या दोन आडव्या पेटीवर. सपाट चौकट त्यांवर आवळली की ती पिळली जाते.

हे करायचं ठरलं, तर जुनी सीट काढण्याआधी मापं घ्या. लोक हे विसरतात आणि मग परत जुळवायला काही उरत नाही. नेहमीसारख्या बसा आणि दुसऱ्या कुणाला टेप धरू द्या. फ्लोअरपासून गादीच्या पुढच्या कडेची उंची, मागच्या कडेची उंची, डोक्यापासून छपरापर्यंतचं अंतर, छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर हे शेवटचं २५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको, नसेल तरी तेवढं ठेवावं. मग स्टिअरिंगच्या मध्यावर ओळंबा सोडा आणि फ्लोअरवर चिकटपट्टीने खूण करा. नव्या सीटचा मध्य त्या खुणेच्या सरळ मागे यायला हवा. दोन बोटं बाजूला गेली तरी तुम्ही रोज किंचित पिळून बसाल, आणि कंबरेला ते वर्षभराने कळेल.

मग पुठ्ठ्याचा साचा करा, चार भोकं त्यावर उतरवा आणि कर्ण मोजा. नवी सीट बोल्ट न लावता ठेवून दरवाजा बंद करून बघा. बाजूची फुगीर कड दरवाजाला घासते का, हँडब्रेक पूर्ण वर येतो का, आणि मुख्य म्हणजे बकल सीट आणि बोगदा यांच्यात बुडतं का. बुडलेलं बकल रोज शोधावं लागतं, आणि जे रोज शोधावं लागतं ते माणूस एक दिवस लावत नाही. बेल्ट लावून बघा. कमरेचा पट्टा दोन्ही बाजूंना हाडावर टेकला पाहिजे, पोटावर नाही. खांद्याचा पट्टा गळ्याला लागता कामा नये.

बोल्ट. इथे मी हट्टी आहे. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असलेलाच बोल्ट. पहिल्या आकड्याला शंभराने गुणा, तेवढे मेगापास्कल (दर चौरस मिलिमीटरवर पडणाऱ्या ओढीचं माप) झाले की तो तुटतो. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० पर्यंत धरतो. स्टेनलेसचा चकचकीत बोल्ट, ज्यावर ए२-७० लिहिलेलं असतं, तो ७०० पर्यंतच. गंजत नाही म्हणून तो ताकदवान असं पुष्कळांना वाटतं, तसं नाही. ज्यावर काहीच लिहिलेलं नाही तो तर डब्यातच राहू द्या. आणि बेल्टचा किंवा बकलचा बोल्ट वेगळा ठेवा, त्याची अदलाबदल करू नका. बऱ्याच गाड्यांत तो ७/१६ इंचाचा, इंचाला वीस आट्यांचा असतो, म्हणजे ११ मिलिमीटरच्या जरा वर. १० चा बोल्ट त्यात सैल फिरतो आणि १२ चा जबरदस्तीने घातला की नटाचे आटे जातात. तो नट आतून जोडलेला असतो, बदलता येत नाही.

मूळ बोल्ट गंजून बसले असतील तर आदल्या रात्री खालून आणि वरून गंज सोडवणारं तेल सोडा. पान्यावर पाइप घालून लगेच झटका देऊ नका. थोडं सैल, थोडं आवळ, पुन्हा सैल. आतला नट सुटून फिरायला लागला तर पुढे सगळं पत्र्याचं काम वाढतं. निघाल्यावर नटातून टॅप फिरवून आटे साफ करा. नवा बोल्ट निम्म्याहून जास्त बोटांनी आत गेला पाहिजे. जात नसेल तर आटे वाकडे लागले आहेत, पाना हातात घेऊ नका.

एखादं भोक नवीन पाडणं अगदीच टळत नसेल, तर शर्यतीच्या गाड्यांसाठी एफआयएने जे किमान ठरवलं आहे ते डोळ्यांसमोर ठेवा: चार जागा, बोल्ट कमीत कमी ८ मिलिमीटर, पत्र्याच्या खालून ३ मिलिमीटर जाड पोलादी पट्टी, आणि प्रत्येक जागी ४० चौरस सेंटिमीटरचा टेका. नुसता वायसर ओढ बसल्यावर पत्र्यातून आरपार येतो. ड्रिल लावण्याआधी गाडी घोडीवर चढवून खाली जा. ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, वायरिंग नेमकं तिथूनच जातं. भोक पाडल्यावर उघड्या कडेला प्रायमर लावा, नाहीतर पुढच्या गंजाची सुरुवात तुम्हीच करून दिली. बकल ज्या जागेला लावायचं, तिथे मात्र घरी काही करू नका. ते काम बेल्टच्या जागा बांधणाऱ्या माणसाकडून करून घ्या आणि गाडीच्या तपासणीत त्याची नोंद व्हावी म्हणून कागद मागा.

शेवटची चाचणी मी का करतो ते सांगतो. अनेक वर्षांपूर्वी एका गृहस्थांच्या गाडीत मी बाहेरचे स्लायडर लावून सीट बसवली. त्या स्लायडरचं कुलूप एकाच बाजूला होतं, दुसरी रेल नुसती सरकणारी. जागेवर हलवून बघितलं, घट्ट वाटलं. तिसऱ्या दिवशी चढावर गाडी उचलताना सीट एकदम मागे गेली. पाय क्लचवरून सुटला, हात स्टिअरिंगवरून सुटले, गाडी बंद पडून मागे घरंगळली. मागे कुणी नव्हतं. ते गृहस्थ शांतपणे सांगत होते आणि माझे हात थरथरत होते. त्याच संध्याकाळी मी ते स्लायडर काढले. तेव्हापासून दोन्ही रेलना कुलूप नसलेला स्लायडर मी लावत नाही, आणि सीट बसवल्यावर आत बसून, पाय पुढच्या पत्र्याला लावून, प्रत्येक खाचेत पाठीने मागे रेटतो आणि मग स्टिअरिंग धरून पुढे ओढतो. खटका दोन्ही बाजूंनी ऐकू आला पाहिजे. तुम्हीही करा, आणि दर वेळी सीट सरकवल्यावर थोडं हलून खटका ऐकायची सवय ठेवा.

प्रश्न : मूळ मॉडेलचीच सीट दुसऱ्या गाडीतून आणून बसवली. बाहेर असताना स्लायडर लोण्यासारखा सरकत होता, बोल्ट आवळले की मधेच अडकतो. एका बोल्टखाली तीन वायसर घातले तर बरा चालतो. तसंच ठेवू का?

उत्तर : नको. तीन सुटे वायसर एकमेकांवर सरकतात, आणि तो बोल्ट काही महिन्यांत सैल होईल. तुमच्या रेल एकमेकींना समांतर राहिलेल्या नाहीत, एवढंच झालं आहे. चारही बोल्ट पूर्ण सैल करा, पण काढू नका. सीट मागे नेऊन पुढचे दोन हाताने टेकवा, पुढे आणून मागचे दोन. अशी सीट तीनचार वेळा पुढेमागे करा, ती स्वतःची जागा धरते. मग त्याच क्रमाने थोडं थोडं आवळत जा, शेवटचा जोर टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्याला. एवढं करूनही अडकली तर कार्पेटची घडी किंवा आवाजरोधक थर एखाद्या पायाखाली आला आहे का बघा, दहापैकी सात वेळा मला तेच सापडलंय. तेही नसेल तर फ्लोअर एका बाजूला दबलेला आहे. मग मोजून तेवढ्या जाडीची एकच भरीव पोलादी चकती बनवून घ्या.

प्रश्न : सीट बदलल्यापासून डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा जळतो. जुन्या सीटखाली पिवळा कनेक्टर होता, नवीला नाही. त्यात एक रेझिस्टर (वीज अडवणारा छोटा भाग) खोचला की दिवा जातो, असं कळलं. करू का?

उत्तर : करू नका. पिवळा कनेक्टर म्हणजे त्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग किंवा बेल्ट ताणणारं बकल होतं. दोन्हींत स्फोटक असतं. रेझिस्टर लावल्यावर यंत्रणेला वाटतं की एअरबॅग जागेवर आहे. दिवा विझतो, एअरबॅग काही परत येत नाही, आणि उद्या ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याला हे कधीच कळणार नाही. जुनी सीट टाकून दिली नसेल तर तीच दुरुस्त करून परत बसवा. कनेक्टर जोडण्याआधी बॅटरीची तार काढा आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेला वेळ थांबा. तार काढल्यावरही कंट्रोल बॉक्समध्ये काही काळ वीज साठलेली असते. त्या वेळात किल्ली फिरवू नका. कव्हर शिवताना एअरबॅगच्या बाजूची शिवण घट्ट दुहेरी करू नये, हेही गादीकाम करणाऱ्याला सांगा. ती शिवण फाटण्यासाठीच असते.